अडीच लाटा

जिना संपला होता, पण बाईंच्या पायाला वाटलं की अजून एक पायरी आहे. लिफ्ट बंद होती म्हणून त्या सकाळी चार मजले उतरून आल्या होत्या; डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं आणि पाय आपले सवयीने उतरत होते. शेवटी पाऊल खाली जायला निघालं आणि खाली जागाच नव्हती. त्या पडल्या नाहीत. टाच फरशीवर दाणकन आपटली, दणका गुडघ्यातून कमरेत आणि कमरेतून थेट जबड्यात गेला, दातांवर दात बसले आणि मध्ये जीभ सापडली. शेजारची मुलगी सायकल बाहेर काढत होती. तिने विचारलं, "लागलं का हो?" बाई म्हणाल्या, "नाही गं. पायरी संपली." मुलगी हसली, त्याही हसल्या, आणि रस्त्यावर आल्यावर तोंडात रक्ताची चव पसरली. जीभ चावली गेली म्हणजे कुणीतरी आपली आठवण काढतंय असं आई म्हणायची. कोण काढत असेल? बसच्या रांगेत उभं राहून बाई जीभ टाळूला लावून बघत होत्या आणि त्यांना जाणवलं की आपण रागावलो आहोत. पाय चुकला याचा राग नव्हता. पायाला इतकी खात्री कशी होती, याचा होता. चोपन्न वर्षांचा पाय, एकोणीस वर्षं ह्याच जिन्यावरून वर-खाली केलेला, आणि तो एका नसलेल्या पायरीवर डोळे मिटून विश्वास टाकतो. बस आली, त्या चढल्या, खिडकीजवळ उभ्या राहिल्या, आणि राग काही उतरला नाही. तो त्यांच्याबरोबर तिकीट न काढता संस्थेपर्यंत आला.

संस्थेत त्यांना सगळे बाई म्हणत. पाठीमागे 'जोडीवाल्या बाई'. हे नाव तीन वर्षांपूर्वी पडलं आणि त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना आवडलंही होतं. फार लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटात, जिथला आज पोचणारा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर डोळा नावाची वस्तूच नव्हती, एक महाकाय कृष्णविवर बसलेलं आहे. कित्येक कोटी सूर्य गिळून बसलेलं. ते स्वतः दिसत नाही, दिसतो तो त्याच्याभोवती गरगरत, तापत, आत पडणारा वायू. त्या वायूचा उजेड कमी-जास्त होतो. बाईंनी तो उजेड वर्षानुवर्षं मोजला आणि त्यांच्या लक्षात आलं की हा कमी-जास्तपणा वेडावाकडा नाही, त्याला ठेका आहे. पाच वर्षांत एक लाट. वर, खाली, वर, खाली, वर, खाली. साडेबारा वर्षांत अडीच लाटा. मग एकच अर्थ निघत होता, किंवा निघतोय असं वाटत होतं: आत एक नाही, दोन आहेत. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताहेत, लहान मोठ्याला प्रदक्षिणा घालतंय, आणि दर फेरीला वायू ढवळून निघतोय. निबंध छापून आला, वर्तमानपत्रांनी चित्रं काढली, संस्थेच्या प्रवेशद्वाराशी त्या जोडीचं मोठं रंगीत पोस्टर लागलं. दातांचा डॉक्टर असलेला त्यांचा माजी नवरा, ज्याच्याशी आता वर्षातून एखाद्या फोनइतकं नातं उरलं होतं, त्याने अभिनंदन करताना म्हटलं होतं, "आपली जोडी टिकली नाही, पण वरती तरी जमवलीस." त्यात खवचटपणा होता की आपुलकी, हे बाईंना तेव्हाही कळलं नव्हतं. आई मात्र फोनवर एकच बोलली होती. आई आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायची, शब्द कानावर पडला की आधी त्याची मोडतोड करून बघायची. "अडीच म्हणजे दोनच ना गं? पुरत्या तीन झाल्या की सांग."

निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात बाईंनी सांगून ठेवलं होतं: पुढची अडीच वर्षं उजेड चढत जाईल आणि या वर्षाच्या सुरुवातीला माथ्यावर पोचेल. सांगायची गरज नव्हती. प्रमुखांनी तेव्हाच म्हटलं होतं की कशाला लिहिता, लोक तारीख धरून बसतात. पण बाईंना वाटलं होतं, जे विज्ञान पुढचं सांगत नाही ते कसलं विज्ञान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांच्या खोलीत पंधरा वर्षांची मोजमापं एका लांबच लांब कागदी पट्टीवर काढलेली होती. पट्टी दाराच्या चौकटीपासून सुरू होऊन कपाटावरून जात कोपऱ्यात वळायची, खिडकीखालून पुढे सरकायची आणि दिव्याच्या बटणापाशी संपायची. काळे ठिपके म्हणजे झालेलं, आणि शेवटच्या तीन हातांवर लाल पेन्सिलीची रेघ म्हणजे व्हायचं असलेलं. पहिलं वर्षभर काळे ठिपके लाल रेघेच्या आसपास चढले. मग रेंगाळले. मग रेघ डोंगर चढून गेली आणि ठिपके पायथ्याशीच बसून राहिले, थकलेल्या वारकऱ्यांसारखेही नव्हे, नुसते बसायला आलेल्या माणसांसारखे. दर मंगळवारी डोंगरावरच्या दुर्बिणीकडून एक आकडा येई. त्या मंगळवारी जीभ चावलेल्या बाईंनी संगणक उघडला, आकडा बघितला, खुर्चीवर चढून ठिपका काढला. रेघेपासून एक वीत खाली. आधीच्या मंगळवारपेक्षाही केसभर खालीच. त्या खुर्चीवरून उतरल्या, आणि उतरताना त्यांनी खाली बघून पाऊल टाकलं, याचा त्यांना पुन्हा राग आला.

बारकी दारात उभी होती. बारकी म्हणजे बाईंची विद्यार्थिनी. आली तेव्हा इतकी किडकिडीत होती की शिपायाने तिला शाळेच्या सहलीतली समजून परत पाठवलं होतं. आता पदवी होऊन दोन वर्षं झाली होती, नेमणूक तात्पुरती होती आणि ती पाच महिन्यांनी संपणार होती, आणि नाव मात्र बारकीच राहिलं होतं. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. बाईंना तो गठ्ठा काय आहे हे माहीत होतं, आणि तो आज येणार हेही बहुधा माहीत होतं, नाहीतर जिन्यावर डोक्यात दुसरं काय चाललं असणार. सव्वा वर्षापूर्वी त्यांनीच तिला त्या कामाला लावलं होतं. एका जुन्या वेधशाळेच्या तळघरात लोखंडी कपाटांत आकाशाचे काचेवरचे फोटो पडून होते, ऐंशी वर्षांचे. त्यांतल्या ज्या ज्या काचेवर आपली दीर्घिका ठिपक्यासारखी आली असेल ती ती शोध, मोज, आणि लाटा मागे कुठवर जातात ते दाखव. बारकीने चारशे बारा काचा शोधल्या. धुळीने तिला खोकला लागला तो तीन महिने गेला नाही.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा?"

"नको बाई. तुम्ही आधी वाचा."

"तोंडाने सांग. वाचणार आहेच."

बारकीने गठ्ठा मांडीवर घेतला आणि त्याच्या कडा सारख्या करत राहिली. "ऐंशी वर्षांत सोळा लाटा दिसायला हव्या होत्या."

"मग?"

"नाहीत. एक आहे, ती अकरा वर्षांची आहे. मग सात वर्षं काहीच नाही. मग नुसती थरथर. ठेका नाही बाई. मी सहा तऱ्हांनी बघितलं. वायू आत कसाही पडतोय, कधी भसकन, कधी तुंबतोय. आणि नुसत्या अशा बेशिस्त चढउताराचा पंधरा वर्षांचा तुकडा कापून घेतला तरी त्यात कधीकधी लाटा दिसतात. शंभर तुकडे कापले तर पंधरा-सोळांत तरी दिसतात. आपल्याला तसलाच एक तुकडा मिळाला."

"काचांची प्रत काय होती? तीस सालापूर्वीच्या काचांवर भरवसा कसा ठेवलास तू?"

"त्या वगळूनही बघितलं. पान नऊ."

"शेजारच्या ताऱ्याचाच उजेड बदलता असेल. ज्याच्याशी ताडून बघितलंस तो."

"सात तारे घेतले होते. पान अकरा."

बाई विचारत गेल्या आणि बारकी पानांचे आकडे सांगत गेली. प्रत्येक प्रश्न रास्त होता. असा प्रश्न विचारायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण विचारताना आवाज चढत होता, तो बाईंना स्वतःलाच ऐकू येत होता, आणि थांबवता येत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "घाई झालीय तुला. नेमणूक संपतेय म्हणून." बोलल्या आणि ते वाक्य दोघींच्या मध्ये टेबलावर पडून राहिलं. बारकीने ते उचललं नाही. तिने गठ्ठा टेबलाच्या कडेला ठेवला. "शेवटच्या तीन वर्षांची अजून न छापलेली मोजमापं तुमची आहेत," ती म्हणाली. "तुमच्या सहीशिवाय मला छापता येणार नाही. तुमचं नाव मी शेवटी ठेवलंय. नको असेल तर तसं सांगा." आणि ती गेली. बाईंची चावलेली जीभ सुजली होती, दाताला लागत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. जिभेबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी बोलावलं. प्रमुख बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान, पूर्वी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा, तेव्हाचा तो 'अरे' होता. आता टेबल मोठं झालं तसा 'अहो' झाला होता. त्यांना सगळं कळलं होतं. अशा इमारतीत भिंतींना कान नसतात, छपाईयंत्र असतं. बारकीने गठ्ठा त्यावरच छापला होता.

"निसर्ग काही घड्याळ लावून बसलेला नाही, बाई," प्रमुख म्हणाले. "सहा महिने उशीर झाला म्हणजे खोटं ठरलं असं थोडंच आहे?"

"नऊ महिने झाले."

"बरं, नऊ. बाळंतपणंसुद्धा पुढेमागे होतात. माझं म्हणणं इतकंच, वर्षभर थांबू. नव्या दुर्बिणीची मंजुरी यायचीय, अर्जाच्या पहिल्या पानावर तुमची जोडी आहे. मंजुरी येऊ द्या, मग काय ते पोरीला छापू द्या. तिला मी सांगतो, दुसऱ्या कामावर घेतो. तिचंही नुकसान नको. आणि तुम्हाला तरी कुठं पटलंय?"

हेच तर. तुम्हाला तरी कुठं पटलंय. बाई बाहेर आल्या आणि लांब बोळातून चालताना त्यांना कळेना की आपण कुणावर चिडलोय. प्रमुखांवर चिडावं तर ते खोटं काहीच बोलले नव्हते. बारकीवर चिडावं तर तिने आपण सांगितलेलंच काम केलं होतं, आणि आपण केलं असतं त्यापेक्षा नेटकं केलं होतं. दीर्घिकेवर चिडावं तर ती बिचारी तिच्या ठिकाणी जळत होती. तिने कधी सांगितलं होतं की मी ठेक्यात जळते? चूक कुठे होती? निदान एखादी चूक तरी सापडायला हवी होती; यंत्र बिघडलं, आकडा फिरला, बेरीज चुकली. चूक असती तर तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. पण मोजमापं खरी होती. अडीच लाटा खऱ्या होत्या. त्या आल्या होत्या, बाई त्या एकेक ठिपका करून चढल्या-उतरल्या होत्या, आणि तरी त्यांचा अर्थ काही नव्हता. सुतावरून स्वर्ग गाठणं हा आमचा धंदाच आहे, असं त्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला हसत सांगायच्या. सूत खरं होतं. स्वर्ग नव्हता. आणि आठवलं ते भलतंच: लाट पहिल्यांदा सापडली ती दुपार. संगणकाने वक्र रेघ काढली आणि ठिपके त्या रेघेवर जाऊन बसले, जसे पक्षी तारेवर बसतात, एकामागून एक, आणि बाईंच्या मानेवर काटा आला. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं होतं. का लावलं? आनंद बाहेर जाऊ नये म्हणून. त्या काट्याला काय म्हणायचं आता? तो खोटा होता? अंगावर आलेला काटा खोटा कसा असेल? उद्या कुठं खरोखरची जोडी सापडली तर कुणाच्या तरी मानेवर हाच काटा येणार, आणि दोन्ही काटे अगदी सारखे असणार, हे त्यांना सहन होईना.

बारकी तिच्या टेबलाशी होती. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी काल बोलले ते चुकीचं बोलले."

"असू दे बाई."

"असू दे नाही. आता ऐक. मला चाळीस कागद काढून दे. एकोणचाळीसांवर संगणकाने केलेला नुसता बेशिस्त चढउतार, कसलाही ठेका नसलेला. एकावर आपली दीर्घिका. सगळ्यांना आपल्यासारखीच पंधरा वर्षं, आपल्यासारखेच मधले खंड. आणि माझे डोळे सरावलेत, म्हणून सगळे कागद उलटे कर. डावीकडचं उजवीकडे. काल शेवटी, उद्या आधी. पाठीमागे नुसता क्रमांक टाक. कुठला कुठला ते तुझ्याकडे ठेव, मला सांगू नकोस."

बारकीने विचारलं, "आणि तुम्ही ओळखलंत तर?"

"तर तू आणखी वर्षभर थांब. ठेका असेल तर तो नजरेला दिसेल. नुसत्या बेशिस्तीहून तो वेगळा दिसायलाच हवा."

"ही काही रीतसर कसोटी नाही, बाई."

"रीतसर कसोटी तू केलीस. ही माझी आहे."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी टेबल पुसलं, कोरडं केलं आणि पाकीट फोडलं. आई समोरच्या खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसली होती. तिला एक्याऐंशी पुरी झाली होती, कानाने कमी आणि डोळ्याने जास्त, असा तिचा हिशेब वयाने उलटाच करून ठेवला होता. "पेपर तपासतेस?" तिने विचारलं. "हो," बाई म्हणाल्या. "कुणाचे?" "माझेच." आईने चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा कोड्यात गेली. कागद एकसारखे होते. पांढऱ्यावर काळे ठिपके, डोंगर-दऱ्या, मध्येमध्ये दीर्घिका सूर्यामागे जाते त्या महिन्यांच्या रिकाम्या फटी. बाईंनी आधी सरसकट फिरवले. मग दोन ढीग केले, 'शक्यच नाही' आणि 'बघू'. पहिला ढीग पटपट वाढला. हा किती गबाळा. ह्याला शेंडा ना बुडखा. हा वाटतो सुरुवातीला, मग भरकटतो. 'बघू'त नऊ उरले. मग पाच. मग तीन. आणि मग सतरा नंबरचा कागद हातात आला आणि मानेवर तोच काटा आला. किती स्वच्छ लाटा. एक, दोन, तीन, जवळजवळ सव्वातीन, समान अंतराच्या, समान उंचीच्या. आणि सुरुवातीला थोडी गडबड, म्हणजे उलट्या कागदावर ती शेवटची गडबड, म्हणजे हीच ती गेली तीन वर्षं, आणि तीसुद्धा अशी बघितली तर इतकी वाईट दिसत नव्हती, लाट थोडी दबलीय इतकंच. बाईंना हसू फुटलं. त्यांनी कागद आईसमोर धरला. "ही बघ. ही माझी."

आईने कोडं खाली ठेवलं. कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग बाकीचे एकोणचाळीस पुढे ओढले आणि अंगठा ओला करून एकेक उलटत गेली, तिच्या जुन्या चालीने, ओठ हलवत. सगळे बघायला तिला वीस मिनिटं लागली. "हे सगळं एकाच हातचं दिसतंय मला," ती म्हणाली.

"नाही. एक वेगळा आहे त्यात."

"असेल. मला नाही दिसत. चाळीस पानं छापखान्यातल्या एकाच पेटीतल्या खिळ्यांनी जुळवलेली वाटतात. तुला ती पोथ्यांएवढी जाडी गणिताची पुस्तकं आठवतात? मी उत्तरांच्या पानात एक ओळ सोडली होती ती?"

बाईंना आठवत होती. त्या सात वर्षांच्या असतील. आईच्या नजरेतून एक ओळ सुटली आणि पुस्तकं शिवून झाल्यावर सापडली. मालक म्हणाला, राहू द्या, कोण बघतंय. आईने प्रती घरी आणल्या, हातगाडीवरून, चार खेपा. त्या दोघींनी अंथरुणं गुंडाळून ठेवून जमिनीवर बसून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. खळ ढवळायचं काम बाईंचं होतं. खळीचा आंबूस वास, बोटांवर सुकलेली, सोलून काढायची पांढरी साल, आणि आईचं न थांबणारं बडबडणं, मालकाला शिव्या, स्वतःला शिव्या, ओळीला शिव्या. प्रामाणिकपणाचं काही तेज वगैरे आईच्या तोंडावर नव्हतं. ती त्या सगळ्या दिवसांत अतिशय वैतागलेली होती.

"तेव्हा मग बरं वाटलं का गं तुला? सगळ्या चिकटवून झाल्यावर?" बाईंनी विचारलं.

"बरं कसलं? पाठ धरली महिनाभर," आई म्हणाली आणि कोडं उचललं. "पण पुस्तक मला पुन्हा हातात धरवायला लागलं."

सोमवारी सकाळी बाईंनी पाकीट बारकीच्या टेबलावर ठेवलं आणि वर सतरा नंबरचा कागद ठेवला. बारकीने यादी उघडली. तिला यादी बघायची गरज नव्हती, हे बाईंना तिच्या पाठीवरून कळलं; पाठ एकदम सरळ झाली होती.

"हा संगणकाचा आहे," बारकी म्हणाली.

"आपला कुठला?"

"एकतीस."

बाईंनी एकतीस नंबर शोधला. तो पहिल्या ढिगात होता, 'शक्यच नाही'च्या, आणि तिथेही पहिल्या चार-पाचांत. म्हणजे त्यावर त्यांनी एक श्वाससुद्धा खर्च केला नव्हता. त्यांना आठवलं, हाच तो, शेंडा ना बुडखा म्हटलेला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उलटून काचेला लावला, म्हणजे उजेडात तो पाठीमागून सुलटा दिसला. आणि मग ओळखीचा प्रत्येक चढ, प्रत्येक उतार आपापल्या जागी आला. हा ठिपका बाबा गेले त्या आठवड्याचा. हा घटस्फोटाच्या सहीचा. हे तीन, बर्फाने दुर्बिणीचं दार उघडेना तेव्हा दोन तासांच्या फटीत मिळालेले. पंधरा वर्षं दर मंगळवारी तोंड बघितलेलं पोर गर्दीत समोरून गेलं, आणि आपण ते गबाळं म्हणून बाजूला सारलं आणि दुसऱ्याच्याच, कधी जन्मालाही न आलेल्या पोराला मिठी मारली. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. आला तो कंटाळा, खोल, हाडांत उतरलेला, प्रवासात चुकीच्या गावी उतरल्यावर येतो तसा, की आता पुन्हा सामान उचला.

"बाई, मला वाईट वाटतंय," बारकी म्हणाली.

"तुला कशाला? गठ्ठा काढ तो." त्या खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'या दीर्घिकेत जोडी असल्याचा एक दावा पूर्वी करण्यात आला होता.' करण्यात आला होता म्हणजे काय? आभाळातून पडला होता?"

"मला वाटलं, तुमचं नाव त्या वाक्यात—"

"'आम्ही केला होता.' असं लिही. आणि पुढे, 'तो दावा टिकत नाही.' तू 'टिकेलसं वाटत नाही' म्हटलंयस. वाटत-बिटत काही नाही. चारशे बारा काचा बघितल्यास तू."

बारकीने दुरुस्ती केली. मग दोघी दुपारपर्यंत ओळीओळीने खाली गेल्या. बाईंनी तिच्या तीन बेरजा पुन्हा करायला लावल्या, त्यांतली एक खरंच चुकलेली निघाली, निष्कर्ष बदलावा इतकी नव्हे, पण तेवढा वेळ दोघींनाही बरं वाटलं. मग बाई सही करून प्रमुखांकडे गेल्या आणि अर्जाचं पहिलं पान बदलावं लागेल असं सांगितलं. प्रमुखांनी बोटांत पेन फिरवलं. "तुम्हाला पटलं का?" त्यांनी विचारलं. "पटलं," बाई म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांना कळलं की पटणं आणि आवडणं यांत एक वीतभर अंतर असतं, आणि ते काही दिवसागणिक कमी होणार नाही. प्रमुख म्हणाले, "मंजुरी लांबली तर लोक तुमच्या नावाने खडे फोडतील." "फोडू देत." "पोरीचं काय? पाच महिन्यांनी?" "तिच्यासाठी मी तीन ठिकाणी पत्रं लिहिलीत. तुम्ही चौथं लिहा." प्रमुखांनी लिहितो म्हटलं. लिहिलंही, पण दोन वाक्यांचं.

निबंध महिन्याभरात स्वीकारला गेला. वर्तमानपत्रांत कुठे काही आलं नाही. जोडी मोडल्याची बातमी कोण छापतं. प्रवेशद्वारावरचं पोस्टर शिपायाने काढलं तेव्हा भिंतीवर त्याच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन उरला. बाईंनी खोलीतली लाल रेघ खोडायला घेतली, पण पेन्सिल कागदात रुतली होती; खोडरबराने गुलाबी डाग तेवढा पसरला, म्हणून अर्ध्यातच सोडून दिली. ठिपके चालूच होते. का चालू ठेवता, असं एका नव्या पोराने विचारलं तेव्हा त्या फटकन म्हणाल्या, "आत काय आहे ते माहीत नाही म्हणून." उत्तर बरोबर होतं, पण ते देताना त्यांना मजा आली नाही. पूर्वी मंगळवारी सकाळी जाग लवकर यायची. आता गजर लावावा लागे.

बारकीला एका दुसऱ्या शहरात काम मिळालं. ती गेली त्याच्या तिसऱ्या मंगळवारी बाईंनी संगणक उघडला. आकडा वर होता. बोटभर वर. त्यांनी मागचा आकडा काढून बघितला, तो मागच्या मंगळवारी त्यांनी नीट बघितला नव्हता, नुसता ठिपका काढला होता. तोही थोडा वरच होता. त्या खुर्चीवर चढल्या, ठिपका काढला, आणि खुर्चीवरच उभ्या राहिल्या. दोन ठिपके. दोन ठिपक्यांनी काही होत नाही. चाळीसातल्या कुठल्याही कागदावर असे दोन ठिपके सापडतील. हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं जगात फक्त आणखी एका माणसाला माहीत होतं, आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला.

"बाई, मी आहे," बारकी म्हणाली. तिच्या मागे कुठल्यातरी अनोळखी खोलीत कुणीतरी कपाट ओढत होतं. "आजचा आकडा बघितलात?"

"बघितला."

"मागचाही वर होता."

"हो."

"काही नाही ना ते?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हटलं," बारकी म्हणाली. "नुसतं विचारलं."

कपाट ओढण्याचा आवाज थांबला. बाईंच्या मानेवर काटा आला होता आणि तो खाली बसायला तयार नव्हता. त्यांनी फोन ठेवला नाही, बारकीनेही ठेवला नाही.